जुन्या दीपगृहाचा संवर्धन आराखडा : सुरुवात कुठून करायची?

लोलक

दुसऱ्या एका धाग्यावर जुन्या दीपगृहांचा विषय निघाला आणि दोन-चार प्रतिसादांतच गाडी रंग कुठला द्यायचा, परांची कशी बांधायची इथवर गेली. विषय मोठा आहे, म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं आधीच मांडतो. दीपगृहाचं काम परांचीपासून सुरू झालं की ते हमखास बिघडतं. आधी कागद हवा: या जागेत जपण्यासारखं नेमकं काय आहे आणि का. वारसा-वास्तूंसाठी काम करणाऱ्या इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ऑस्ट्रेलिया शाखेनं १९७९ मध्ये स्वीकारलेल्या बुर्रा सनदेत हाच क्रम आहे. जागेचं महत्त्व समजून घ्या, त्यावरून धोरण ठरवा, मग त्या धोरणानुसार जागा सांभाळा. बरेचसे आराखडे मात्र उलटे लिहिलेले दिसतात. दुरुस्त्यांची यादी आधी तयार होते आणि जागेचं महत्त्व सांगणारं प्रकरण मंजुरीपुरतं शेवटी जोडलं जातं.

दीपगृहाच्या बाबतीत हे जास्तच नडतं, कारण मनोरा ही इमारतही आहे आणि यंत्रही. जिन्याच्या मधोमध जी पोकळ नळी दिसते ती शोभेची नसते. लेन्स फिरवणाऱ्या घड्याळी यंत्राचं वजन त्यातून हळूहळू खाली उतरायचं आणि राखणदार ते पुन्हा वर गुंडाळायचा. ही गोष्ट आराखड्यात लिहिली नाही, तर विजेच्या तारा न्यायला सोयीची म्हणून तीच नळी पहिल्यांदा फोडली जाते. तेलकोठीचंही तसंच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आलं, ते आधीच्या तेलांपेक्षा लवकर पेट घेणारं, म्हणून अनेक ठिकाणी साठा मनोऱ्याबाहेर छोट्या दगडी खोलीत हलवला. आज ती खोली ‘पडीक शेड’ म्हणून नकाशात येते आणि पाडली जाते. राखणदारांची घरं, पावसाच्या पाण्याची टाकी, धुक्यातल्या भोंग्याची खोली, धक्का, कुंपणाची भिंत, हे सगळं मिळून दीपगृह होतं.

दिसणाऱ्या वस्तूंपलीकडेही काही असतं. मनोऱ्याचे पट्टे किंवा रंग ही दिवसा ओळखायची खूण असते. दिव्याच्या झोतांचा ठरलेला क्रम ही रात्रीची ओळख. समुद्रावरून मनोरा जिथून दिसतो त्या दिशाही महत्त्वाच्या. समोर काही उंच उभं राहिलं तर दगड शाबूत राहूनही दीपगृहाचा अर्थ जातो.

नेहमीचा वाद असतो की कोणत्या काळात परत जायचं. तेलाच्या दिव्याच्या? पहिल्या विजेच्या? मी म्हणतो, काळ निवडूच नका. वारसा-संवर्धनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेनं सांगून ठेवलंय की अंदाज सुरू होतो तिथं पुनर्स्थापना थांबली पाहिजे. भिंतीवरचा जुना विजेचा फलकही आता इतिहासच आहे. तो काढून ‘मूळ रूप’ म्हणून कल्पनेतला कंदील लावण्यात काही अर्थ नाही.

पाणी, धातू, लेन्स आणि माणसांची ये-जा यांवर जाणकारांनी लिहावं.

चुनाविटा

पाण्यावर मी लिहितो, कारण माझ्या मते आराखड्यातलं सगळ्यात मोठं प्रकरण तेच असायला हवं.

लोकांना वाटतं दीपगृहाचा शत्रू बाहेरचा समुद्र. खरा शत्रू भिंतीत अडकलेलं पाणी. बाहेरून कितीही तुफान आलं तरी चांगली दगडी किंवा विटांची भिंत ओली होते आणि वाळते. वाळणं बंद झालं की घात. आणि वाळणं बंद कोणी केलं? आपणच. राखणदार होता तेव्हा तो खिडक्या उघडायचा, दिव्याच्या खोलीतले झरोके वाऱ्याची दिशा बघून कमी-जास्त करायचा. दिव्याचा धूर आणि वाफ घुमटाच्या टोकावरच्या धुराड्यातून बाहेर जायची, म्हणजे अख्ख्या मनोऱ्यातून हवा खालून वर खेळत राहायची. स्वयंचलित दिवे आले, माणूस गेला, आणि कोणी आत शिरू नये म्हणून खिडक्या विटा-काँक्रीटनं बुजवल्या. झरोके गंजून बसले. आत रात्री काचेवर दव धरतं, ते ओघळून जिन्यावर आणि भिंतीत मुरतं. त्यात खारं वारं. मीठ ओलीबरोबर आत जातं आणि पाणी उडालं की स्फटिक होऊन दगडाचे पापुद्रे काढतं. लोणा लागलेल्या भिंतीवर नुसता रंग मारणं म्हणजे आजार झाकणं.

त्यावर कडी म्हणजे सिमेंट. मऊ विटांच्या दरजांत, म्हणजे सांध्यांत, कडक सिमेंट भरलं की पाणी दरजेतून बाहेर पडू शकत नाही, ते विटेतून पडतं, आणि वीट झडते. दरजा मात्र जाळीसारख्या जशाच्या तशा उभ्या! हे तपासायची साधी रीत आहे. सिमेंटचा पापुद्रा एका ठिकाणी हलक्या हातानं उचकटा आणि आतल्या चुन्यात खिळा टेकवा. खिळा आपसूक आत जातो आणि मागून ओलसर वाळू भुरभुरत खाली येते. बाहेरून पाहणाऱ्याला भिंत ठणठणीत दिसत असते.

तेव्हा आराखड्यात पहिल्या वर्षीचं काम काय लिहायचं? झरोके सोडवा, खिडक्या उघड्या करून जाळीदार झडपा लावा, पन्हळी आणि गॅलरीचा उतार साफ करा. मग थांबा. जाड भिंत वाळायला वेळ घेते. महिन्याला साधारण २५ मिलिमीटर असा एक ठोकताळा सांगतात, म्हणजे मीटरभर जाड भिंतीला वर्षं लागतात. ती वाळायच्या आत गिलावा आणि रंग केला तर पैसे पाण्यात. रंगसुद्धा श्वास घेणारा हवा, चुन्याची सफेदी किंवा खनिज सिलिकेटचा. प्लास्टिकसारखा थर देणारा कुठलाही रंग नको. आणि जुना रंग काढायला वाळूचा मारा तर अजिबात नको, विटेची भाजलेली कडक साल एकदा गेली की ती परत येत नाही.

वातीवाला

उत्तम प्रतिसाद. एक शंका. लाटांचा मार झेलणाऱ्या मनोऱ्याला चुना पुरेल का? सिमेंट तिथं जास्त भरवशाचं वाटतं.

चुनाविटा

@वातीवाला, प्रश्न रास्त आहे. पण खडकावरचे मोठे मनोरे सिमेंटच्या आधी उभे राहिलेत. स्मीटन या इंग्रज अभियंत्यानं इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ एडिस्टनच्या खडकावर १७५६ ते १७५९ मध्ये बांधलेला मनोरा घ्या. ग्रॅनाइटचे दगड एकमेकांत खाचा करून अडकवलेले आणि मधे पाण्याखालीही घट्ट होणारा चुना. वेल्समधल्या ॲबरथॉचा चुना आणि इटलीची पोझोलाना (ज्वालामुखीची राख) समप्रमाणात घेऊन त्यानं तो मुद्दाम तयार केला. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, म्हणजे मनोरा उभा राहून साठ-पासष्ट वर्षांनी. पुढे हा मनोरा उतरवावा लागला, पण त्याचं कारण मनोरा नव्हता, त्याच्या खालचा खडक समुद्रानं पोखरला होता. वरचा भाग प्लिमथला किनाऱ्यावर पुन्हा उभारला आणि बुंधा आजही खडकावर आहे.

सगळा चुना सारखा नसतो, एवढं ध्यानात ठेवायचं. कुठल्या दरजेत कुठला चुना हे जुन्या चुन्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून ठरवावं लागतं आणि त्या तपासणीची तरतूद आराखड्यातच हवी. मनोरा मुळातच काँक्रीटचा असेल तर गोष्ट वेगळी, तिथं सळ्यांच्या गंजाचा अभ्यास वेगळा करावा लागतो.

निळीरेघ

धातूबद्दल थोडं. दिव्याची खोली बहुतेक ठिकाणी बिडाची किंवा पोलादाची, काचांच्या पट्ट्या पितळ किंवा काशाच्या, घुमट अनेकदा तांब्याचा. खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना टेकले की त्यातला लोखंडाचा भाग आधी खाल्ला जातो. म्हणून सांध्यांमधे जुन्या लोकांनी शिसं, कातडं किंवा रंगाचा जाड थर घातलेला सापडतो. तो ‘घाण’ समजून खरवडू नका. बदलायचा असेल तर त्या जागी काहीतरी वेगळं ठेवणारं घाला. गंजलेला खिळा काढून त्या जागी सरळ स्टेनलेस स्टीलचा बोल्ट मारणं हीसुद्धा नेहमी दिसणारी चूक आहे, गंज आणखी वेगानं पसरतो.

जुन्या रंगात शिसं असणार हे धरूनच चाला. कोरडं घासायचं नाही, मुखवट्याशिवाय तर नाहीच. आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजवाहकाची पट्टी दरवर्षी मोजून पाहायची.

भरती_ओहोटी

धागा अगदी वेळेवर आला. आमची स्थानिक समिती एक बंद पडलेलं दीपगृह ताब्यात घ्यायच्या बेतात आहे. लेन्स अजून वरच आहे, पण तिच्यातले चार-पाच काचेचे लोलक निखळलेत आणि खाली पाऱ्याचं कुंड आहे असं सांगतात. समितीत दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं लेन्स काढून काचेच्या पेटीत खाली ठेवू, लोकांना नीट दिसेल आणि सुरक्षित राहील. दुसऱ्याचं म्हणणं तिला हात लावायचा नाही. कोणाचं ऐकावं?

होकायंत्र

मी खाली आणण्याच्या बाजूनं लिहितो, कारण ही बाजू भावनेच्या भरात मागे पडते.

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेलची पहिली मोठी लेन्स १८२३ मध्ये फ्रान्सच्या कॉर्दुआँ दीपगृहात बसली. त्यानंतर पहिल्या श्रेणीच्या लेन्स तयार झाल्या त्यांचं नाभीय अंतर ९२० मिलिमीटर, उंची माणसापेक्षा जास्त. एकेक लोलक पितळी चौकटीत तेलाच्या लुकणात (पुटीत) बसवलेला असतो. लुकण सुकून ठिसूळ झालं की लोलक खुळखुळायला लागतात आणि कडा टवके देतात. बंद दीपगृहात वर कोणी फिरकत नाही, खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते आणि रात्री दवानं भिजते. आणखी एक धोका: लेन्स जसा आतला उजेड बाहेर एकवटते तसंच बाहेरचं ऊन आत एकवटते. म्हणून राखणदार उजाडलं की काचांना पडदे लावायचे. पडदे लावणारा माणूसच नसेल तर लेन्स वर ठेवून आपण तिचं रक्षण करतोय असं कसं म्हणायचं?

लोलक

@होकायंत्र, तुमचे सगळे धोके खरे आहेत. पण त्यांचं उत्तर पडदा, झरोका आणि माणूस हे आहे, लेन्स हलवणं हे शेवटचं. लेन्स, तिचा चौथरा, फिरवणारं यंत्र आणि मनोऱ्याची उंची हे सगळं एकाच गणितातून आलेलं असतं. लेन्स खाली पेटीत गेली की ती सुंदर काच उरते आणि वर रिकामी खोली. शिवाय उतरवताना होणारं नुकसान परत न येणारं. जुनी ओतीव काच आज तशी मिळत नाही.

माझी भूमिका अशी आहे: खोली कोरडी ठेवता येत नसेल, चोरीची किंवा मनोरा पडायची खरी भीती असेल, तरच उतरवा. तेही प्रत्येक लोलकाला क्रमांक देऊन, फोटो आणि मोजमाप घेऊन, परत बसवता येईल अशा पद्धतीनं. आणि हा निर्णय कोणत्या परिस्थितीत बदलेल हेही आराखड्यात लिहा.

@भरती_ओहोटी, निखळलेले लोलक आधी शोधून काढा, अगदी तुकडेसुद्धा. खोलीच्या कोपऱ्यातला कचरा चाळल्याशिवाय बाहेर टाकू देऊ नका.

होकायंत्र

‘कोणत्या परिस्थितीत बदलेल’ हे लिहायचं असेल तर माझी हरकत उरत नाही. फक्त त्यात मुदतही घाला. अमुक काळात खोली कोरडी झाली नाही तर उतरवणार, असं. नाहीतर ‘जागच्या जागी जतन’ या नावाखाली काहीच न करण्याची सोय होते.

पाऱ्याबद्दल मात्र थट्टा नको. १८९० च्या सुमारास फ्रेंचांनी ही युक्ती आणली, पाऱ्यावर तरंगणारी कित्येक टनांची लेन्स बोटानं ढकलली तरी फिरते. पण उघड्या पाऱ्याची वाफ विषारी. ती ना दिसते ना तिला वास येतो, आणि बंद खोलीत साठते. सांडलेला पारा लाकडी फटींत, जिन्याच्या सांध्यांत वर्षानुवर्षं राहतो. आधी हवेतलं प्रमाण मोजायचं, तोवर वर कोणालाही न्यायचं नाही, शाळेच्या मुलांना तर नाहीच.

वातीवाला

दिवा अजून चालू असलेल्या दीपगृहांचं काय? एलईडी आले की फिरणारा झोत जातो. किनाऱ्यावरच्या लोकांना त्याचं फार वाईट वाटतं.

लोलक

वाईट वाटणं रास्तच आहे. धुरकट हवेत फिरणारे किरण दिसतात, ते लेन्स फिरल्याशिवाय नाही. नौकानयन खात्याच्या दृष्टीनं एलईडीचा एक छोटा संच कमी विजेत, देखभालीच्या कमी खेपांत तेच काम करतो आणि पाऱ्याची कटकटही मिटते. पण यावर मधला मार्ग काढता येतो. जुन्या लेन्सच्या केंद्रात योग्य आकाराचा एलईडी दिवा बसवायचा आणि पाऱ्याऐवजी धारव्यांवर (बेअरिंगवर) लेन्स फिरती ठेवायची. हे प्रत्येक ठिकाणी जमेलच असं नाही, दिव्याचा आकार लेन्सच्या रचनेला जुळावा लागतो.

महत्त्वाची गोष्ट, चालू दिव्याचा रंग, झोतांचा क्रम किंवा मनोऱ्याचे पट्टे समितीनं परस्पर बदलायचे नसतात. ते दिव्यांच्या अधिकृत सूचीत नोंदलेले असतात आणि बदल झाला तर खलाशांना सूचना जावी लागते. तेव्हा चालू दीपगृहाच्या आराखड्यात कोणत्या भागाचा निर्णय कोणाचा, हे पहिल्या पानावर हवं. स्पेनच्या गॅलिसियामधला हर्क्युलिसचा मनोरा रोमन काळापासूनचा, २००९ पासून जागतिक वारशाच्या यादीत, आणि तरीही दिवा चालू आहे. वारसा आणि काम एकत्र नांदू शकतात.

निळीरेघ

किनारा खचतोय अशी परिस्थिती असेल तर? अमेरिकेत अख्खा मनोरा हलवला होता ना?

होकायंत्र

केप हॅटरास. १८७० मध्ये समुद्र ४५० मीटरच्या आसपास दूर होता, शतकभरात तो जवळजवळ पायथ्याशी आला. १९९९ मध्ये सुमारे ४,४०० टनांचा तो विटांचा मनोरा जॅकवर उचलून, रुळांवरून ८८० मीटरहून अधिक अंतर सरकवला. त्याच साली इंग्लंडचं बेल टाउट दीपगृह १७ मीटर मागे घेतलं. डेन्मार्कचं रुब्येर्ग क्नुडे २०१९ मध्ये ७० मीटर हलवलं, तेही काही दशकांपुरतंच, कारण कडा ढासळतच राहणार.

लोलक

हॅटरासमध्ये मला सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच बाब. त्यांनी फक्त मनोरा हलवला नाही. राखणदारांची घरं, तेलकोठी, पाण्याच्या टाक्या हेही नेलं आणि नव्या जागी एकमेकांशी आणि समुद्राशी जवळजवळ तेच अंतर ठेवून मांडलं. जागेचं महत्त्व आधी कागदावर नीट उतरलेलं असलं की हलवण्यासारख्या टोकाच्या निर्णयातही काय सोडायचं नाही हे कळतं.

पण हलवणं हे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं आहे हे मान्य करायला हवं. तिथं प्रामाणिक आराखडा म्हणतो: कडा इतक्या जवळ आली की लेन्स उतरवू, इतक्या जवळ आली की लेसर स्कॅन आणि मोजमापं पूर्ण करून आत जाणं बंद करू. हरवणार असलेल्या गोष्टीची नोंद चांगली ठेवणं हेही संवर्धनच आहे. राखणदारांच्या नोंदवह्या, हयात असलेल्या राखणदारांच्या आणि त्यांच्या मुलांच्या मुलाखती, हे काम तर कडा ढासळत नसली तरी आजच सुरू करावं. ब्रिटिश बेटांवरची शेवटची दीपगृहं १९९७-९८ मध्ये स्वयंचलित झाली. ज्यांनी हे काम हातानं केलं ती पिढी आता वयानं पुढे गेली आहे.

भरती_ओहोटी

खूप शिकायला मिळतंय. आमच्यासमोरचा उरलेला प्रश्न लोकांचा आणि पैशांचा. समितीतल्या बऱ्याच जणांना वाटतं, तिकीट लावलं की सगळं भागेल.

चुनाविटा

तिकिटावर मनोरा उभा राहत नाही. जिना एकच, वर जाणारे आणि खाली येणारे एकाच अरुंद पायऱ्यांवर. एका वेळी वर किती माणसं हे जिना आणि गॅलरी ठरवतात, हिशेब नाही. गॅलरीचा जुना कठडा आजच्या नियमांपेक्षा बुटका असतो. तो कापून उंच करू नका, आतल्या बाजूला वेगळा, परत काढता येईल असा दुसरा कठडा लावा. पावसाच्या, वाऱ्याच्या दिवशी बंद ठेवायचा अधिकार दारावरच्या माणसाला द्या आणि तो वरून कोणी मोडू नये असं लिहून ठेवा.

लोलक

पैशांबद्दल दोन देशांचा अनुभव पाहण्यासारखा आहे. अमेरिकेनं २००० साली कायदा करून नको असलेली दीपगृहं सरकारी संस्था आणि बिगर-नफा संस्थांना विनामूल्य द्यायची सोय केली, कोणी पुढे आलं नाही तर लिलाव. कॅनडानं २००८ मध्ये वेगळा कायदा केला. फुकट मिळालेला मनोरा हा मात्र स्वस्त मनोरा नसतो. घेणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून दरवर्षीच्या देखभालीची रक्कम वेगळी काढलेली हवी, नाहीतर मोठ्या देणगीतून एकदा झगमगीत काम होतं आणि पुढची कित्येक वर्षं कोणी पन्हळीतलं घरटंसुद्धा काढत नाही.

म्हणून माझ्या मते व्यवस्थापनाच्या प्रकरणात सगळ्यात वरची ओळ एका माणसाची असावी. पगारी असो वा स्वयंसेवक, पण नेमलेला. महिन्यातून ठरलेल्या दिवशी दार उघडणारा, झरोके हलवून पाहणारा, भेगांवर लावलेल्या पट्ट्यांचं माप वहीत उतरवणारा. भेग वाढतेय की ऋतूप्रमाणे उघडझाप करतेय हे किमान वर्षभराच्या नोंदींशिवाय कुठलाही अभियंता सांगू शकत नाही. कॉर्दुआँला आजही माणसं राहतात आणि मनोरा सांभाळतात, २०२१ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. तसं राहणं सगळ्यांना जमणार नाही, पण ती वही सगळ्यांना जमते.

भरती_ओहोटी

धन्यवाद सगळ्यांना. पुढच्या बैठकीत असं मांडणार आहे: ताबा घेण्याआधी पाऱ्याची मोजणी, आधीच्या मालकाच्या खर्चानं. मग जागेचं महत्त्व सांगणारं टिपण, त्यात तेलकोठी आणि टाकीसह. पहिल्या वर्षी फक्त हवा, पाणी आणि नोंदी. लेन्सचा निर्णय मुदत घालून पुढे. रंगाचा विषय कार्यक्रमपत्रिकेतूनच काढतोय. काही राहिलं का?

होकायंत्र

पाऱ्याची जबाबदारी करारातच लिहून घ्या. मोजणी त्यांच्या खर्चानं आणि काढायची वेळ आली तर विल्हेवाटही त्यांचीच, असं स्पष्ट. सही झाल्यावर हे कोणी ऐकत नाही.

चुनाविटा

बुजवलेल्या खिडक्या उघडण्याआधी आतून-बाहेरून फोटो घ्या आणि बुजवणीमागे जुनी चौकट शिल्लक आहे का ते एका छोट्या भोकातून बघा. बऱ्याचदा असते. मग नवी झडप तिच्याच मापावर करता येते.